विजेचा हिशेब मांडणारा शिक्षक

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे गाव ज्योतिर्लिंगामुळे सर्वत्र प्रसिद्ध आहे. वैद्यनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूस गावाजवळ आणखी एक दृश्य दिसते. आकाशात उंच गेलेली धुराडी आणि त्यांच्या पायथ्यापासून चारी दिशांना निघालेल्या तारा त्याचे लक्ष वेधून घेतात. हे परळीचे औष्णिक विद्युत केंद्र होय. तेथील पहिला संच इ. स. १९७१ मध्ये सुरू झाला. ते जुने संच पुढे बंद झाले व अधिक मोठे, नवे संच उभे राहिले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेच्या जोराने चक्र फिरवावयाचे आणि त्या चक्राबरोबर जनित्र फिरवून वीज निर्माण करावयाची, हे तेथील काम. ती वीज बालाघाटाच्या डोंगरांवरून आणि ज्वारी-कापसाच्या शिवारांवरून तारांच्या वाटेने दूरदूर जाते.

या वाटेच्या शेवटी एखादी लहानशी वाडी असते. वाडीतील रोहित्राजवळच्या घरात दिवा लख्ख जळतो. तारेच्या अगदी टोकाशी असलेल्या घरातील दिवा मात्र संध्याकाळ झाली, की मिणमिणू लागतो. दोन्ही दिवे एकाच दुकानातून आणलेले, दोहोंना वीज पुरवणारे रोहित्रही एकच. मग हा भेद का व्हावा? लांब तारेतून येताना वीज कोठे आणि किती खर्च होते? या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका शाळेच्या शिक्षकाने शोधून काढले. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम. आज जगातील प्रत्येक शाळेत त्याचे नाव उच्चारले जाते. परंतु ज्या काळी त्याने हे उत्तर शोधले, त्या काळी ते ऐकून घ्यावयास फारसे कोणी तयार नव्हते.

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आहे. वडील योहान वुल्फगांग ओहम हे कुलुपे तयार करणारे कारागीर होते. आई एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्याला सात मुले झाली. परंतु त्यांपैकी तिघेच जगली. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ ही ती तीन भावंडे. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही वारली. घराचा आणि मुलांच्या शिक्षणाचा सगळा भार वडिलांवर पडला.

वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते. परंतु त्यांना विद्येची विलक्षण गोडी होती. दिवसभर ऐरण, हातोडा आणि कानस यांच्याशी झुंजावे आणि उरलेल्या वेळात पुस्तके वाचावीत, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि तत्त्वज्ञान हे विषय त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले होते. आपल्याला शाळेत जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे, ही त्यांची तळमळ होती. म्हणून ते दोघा मुलांना घरी जवळ बसवून शिकवीत. अकराव्या वर्षी जॉर्ज गावातील विद्यालयात जाऊ लागला. पण तेथे विज्ञानाचे शिक्षण फारच थोडे मिळे. खरे शिक्षण मिळाले ते वडिलांकडूनच. वडिलांच्या कामाच्या सहवासात जॉर्जच्या हातालाही धातूचे वळण लागले. तार ताणावी, पत्रा कापावा, लहानसा भाग घासून जागच्या जागी बसवावा, ही कामे त्याला सहज जमू लागली. पुढे हीच विद्या त्याच्या फार उपयोगी पडली.

जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना एर्लांगेन विद्यापीठातील लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकाने या दोघा भावांची परीक्षा घेतली. मुलांचे गणित पाहून ते थक्क झाले. स्वित्झर्लंडमध्ये बेर्नुली नावाचे एक घराणे गणितासाठी विख्यात होते. त्या घराण्यातील भावांप्रमाणेच हे कुलूपकाराचे मुलगेही नाव काढतील, असा अभिप्राय त्यांनी दिला. वडिलांना आपल्या कष्टांचे चीज झाल्यासारखे वाटले.

इ. स. १८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. मात्र तेथे गेल्यावर त्याचे अभ्यासावरील लक्ष उडाले. नृत्य, बर्फावरील घसरण आणि बिलियर्डचा खेळ यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. वडिलांना हे कळले, तेव्हा त्यांना अतिशय दुःख झाले. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवीत आहे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी जॉर्जला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवून दिले. तेथे गॉटस्टाट या ठिकाणच्या शाळेत १८०६ साली तो गणिताचा शिक्षक झाला. त्या वेळी तो अवघा सतरा वर्षांचा होता.

वडिलांनी दिलेली ही शिक्षा जॉर्जच्या पथ्यावर पडली. दुसऱ्याला शिकवू लागल्यावर आपल्याला किती कमी येते, हे त्याला उमगले. लांग्सडॉर्फ यांच्या सल्ल्याने त्याने ऑयलर, लाप्लास यांसारख्या थोर गणितज्ञांचे ग्रंथ एकट्याने वाचून काढले. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री आपण शिकावे, असा त्याचा नेम झाला. जे वडिलांनी ऐरणीशेजारी केले, तेच मुलगा परदेशात करू लागला. अशी पाच वर्षे गेल्यावर १८११ साली तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली.

पदवी मिळाली, पण चांगली नोकरी काही मिळेना. विद्यापीठात दीड वर्ष शिकवूनही पोटापुरते मिळत नसे. म्हणून १८१३ साली त्याने बांबेर्ग येथील एका साधारण शाळेत नोकरी धरली. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली. मग त्याच गावातील दुसऱ्या, मुलांनी खच्चून भरलेल्या शाळेत त्याला पाठवण्यात आले. अशा परिस्थितीतही त्याने भूमिती कशी शिकवावी याविषयी एक पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठवली. पुस्तकाचा चांगला परिणाम झाला. १८१७ मध्ये र्‍हाइन नदीकाठच्या कोलोन शहरातील एका नामांकित विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी त्याला बोलावणे आले.

कोलोनच्या शाळेत ओहम चांगलाच रमला. तो मनापासून शिकवी. पुढे थोर गणितज्ञ म्हणून गाजलेला डिरिख्ले हा लहानपणी याच शाळेत त्याच्या हाताखाली शिकला. या शाळेत आणखी एक मोठा ठेवा होता. तो म्हणजे उपकरणांनी सुसज्ज अशी प्रयोगशाळा. शाळेचे तास संपले, की ओहम त्या प्रयोगशाळेत जाऊन बसे.

तो काळ विजेच्या नव्या नव्या शोधांचा होता. इटलीतील व्होल्टाने १८०० साली विद्युतघट तयार करून दाखवला होता. डेन्मार्कमधील ओर्स्टेड याला १८२० साली असे आढळले, की तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला म्हणजे जवळची चुंबकसूची आपली जागा सोडून वळते. या शोधाने सारे युरोप हलवून सोडले. सुई किती वळते यावरून प्रवाह किती मोठा आहे, हे आता ताडता येणार होते. ओहमच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. तार लांब केली तर प्रवाह कमी होतो, हे खरे. पण तो नेमका किती कमी होतो? त्याला काही नियम आहे काय?

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र सोपे नव्हते. त्या वेळचे विद्युतघट मोठे लहरी असत. तार जोडताच प्रवाह जोराने वाहू लागे आणि पाहता पाहता मंदावे. एक तार काढून दुसरी जोडावी, तोवर घटाचाच जोर उतरलेला असे. मोजपट्टीच जर क्षणाक्षणाला आखूड होऊ लागली, तर कापड मोजावे कसे? तरीही ओहमने मिळालेल्या आकड्यांवरून एक सूत्र बसवले आणि १८२५ साली ते प्रसिद्ध केले. पुढे त्याच्याच ध्यानात आले, की हे सूत्र बरोबर नाही. चूक कळल्यावर ती झाकून ठेवणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने सारे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावयाचे ठरवले.

या वेळी एका विज्ञानविषयक नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने त्याला एक मोलाची सूचना केली. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करून एक सांधा तापवला व दुसरा थंड ठेवला, तर त्या धातूंतून विद्युत्प्रवाह वाहतो, असा शोध जर्मनीतीलच झेबेक याने १८२१ साली लावला होता. लहरी घट सोडून हे नवे साधन वापरावे, असे पोगेनडॉर्फने सुचवले. ओहमला ती युक्ती तत्काळ पटली. त्याने बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे तयार केले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे तोवर त्याची उष्णता वाढत नाही आणि बर्फ वितळत आहे तोवर त्याचा थंडपणा बदलत नाही. त्यामुळे दोन्ही सांध्यांच्या तापमानांतील अंतर कायम राहिले आणि विजेचा जोरही कायम राहिला.

प्रवाह मोजण्याचे साधन ओहमने मोठ्या कौशल्याने तयार केले. सोन्याच्या चपट्या, बारीक तारेला त्याने एक चुंबकसूची टांगली. प्रवाह सुरू होताच सुई बाजूस वळे. मग वरची सोन्याची तार हलके हलके पिळून तो सुईला पुन्हा मूळच्या जागी आणी. जितका पीळ द्यावा लागे, तितका प्रवाहाचा जोर. कुलूपकाराच्या घरी शिकलेले हात येथे कामाला आले.

जानेवारी १८२६ मध्ये हे प्रयोग झाले. ओहमने सारख्या जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची होती. एकेक तार जोडावी, पीळ मोजावा, आकडा लिहून ठेवावा, असे त्याचे काम चालले. पहिल्या दिवशीच्या प्रयोगात २ इंचांच्या तारेला ३२६.७५, १८ इंचांच्या तारेला १९०.७५ आणि १३० इंचांच्या तारेला ४८.५ असे आकडे आले. एवढ्यावर विश्वास न ठेवता त्याने आणखी काही दिवस तेच प्रयोग पुन्हा पुन्हा केले.

आता या आकड्यांतून नियम कसा शोधावा? लांबी दुप्पट झाली म्हणजे प्रवाह निम्मा होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे घडत नव्हते. २ इंचांच्या जागी ४ इंचांची तार जोडली, तर आकडा ३२६ वरून फक्त ३०० पर्यंतच उतरत होता. ओहमने विचार केला, की वीज केवळ जोडलेल्या तारेतूनच जात नाही. ती बिस्मथच्या कांबीतून आणि इतर जोडांतूनही जाते. तेथेही तिला अडथळा होत असलाच पाहिजे. तो अडथळा तारेच्या भाषेत मोजावयाचा, तर जणू प्रत्येक तारेला आणखी काही इंचांची अदृश्य तार जोडलेली आहे. हिशेब केल्यावर ही अदृश्य तार २०.२५ इंचांची निघाली. ती प्रत्येक लांबीत मिळवून पाहू. २ इंचांच्या तारेचे २२.२५ झाले, त्याला ३२६.७५ ने गुणले, की सुमारे ७२७० येतात. १८ इंचांच्या तारेचे ३८.२५ झाले, त्याला १९०.७५ ने गुणले, की सुमारे ७२९६ येतात. १३० इंचांच्या तारेचे १५०.२५ झाले, त्याला ४८.५ ने गुणले, की सुमारे ७२८७ येतात. तिन्ही गुणाकार जवळजवळ सारखेच! वरवर विस्कळीत दिसणाऱ्या आकड्यांमागे एक नियम दडलेला होता, आणि तो ओहमच्या हाती आला.

यानंतर त्याने दोन्ही सांध्यांच्या तापमानांतील अंतर कमी करून पाहिले. विजेचा जोर घटला, त्या प्रमाणात प्रवाह घटला. अदृश्य तारेची लांबी मात्र तेवढीच राहिली. म्हणजे प्रवाह दोन गोष्टींवर अवलंबून असतो. विजेला पुढे ढकलणारा दाब जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. आणि वाटेतील विरोध जितका अधिक, तितका प्रवाह कमी. हाच ओहमचा नियम. उंचावरील टाकीतून नळाने पाणी येते, तेथेही असेच काहीसे दिसते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. नळ जितका लांब व अरुंद, तितकी पाण्याची धार बारीक.

दाबाला आज आपण व्होल्ट या एककात मोजतो, प्रवाहाला अँपिअरमध्ये आणि विरोधाला म्हणजेच रोधाला ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने भागले, की ओहम मिळतात. पाणी तापवण्याची एखादी विजेची शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम होय. तारेकडे किंवा शेगडीकडे नुसते पाहून तिचा रोध कळत नाही; परंतु दोन मोजमापे घेऊन एक भागाकार केला, की तो कागदावर उतरतो. विजेसारखी डोळ्यांना न दिसणारी वस्तू ओहमने अशी पाटीवरच्या गणितात आणून बसवली.

आपला शोध जगापुढे नीट मांडता यावा म्हणून ओहमने शाळेकडून एक वर्षाची रजा घेतली. रजेच्या काळात त्याला निम्माच पगार मिळणार होता. तो बर्लिनला गेला. तेथे धाकटा भाऊ मार्टिन राहत असे. मार्टिननेही गणितात नाव मिळवले होते. लांग्सडॉर्फ यांचे भाकीत दोघाही भावांनी खरे केले. बर्लिनमध्ये ओहमने आपला ग्रंथ लिहून पुरा केला आणि १८२७ साली तो प्रसिद्ध झाला. विद्युत्मंडलाचा गणिताच्या साहाय्याने केलेला विचार, हा त्याचा विषय होता. या ग्रंथाने आपल्याला मान मिळेल आणि एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी ओहमला आशा होती.

घडले ते अगदी उलट. त्या काळच्या जर्मनीत पदार्थविज्ञानात एवढे गणित आणण्याची प्रथा नव्हती. पुष्कळांना तो ग्रंथ समजलाच नाही. प्रयोगांपेक्षा तत्त्वचिंतनानेच निसर्गाचे रहस्य उलगडेल, असे मानणारे पंडितही तेव्हा वजनदार होते. काहींनी या ग्रंथावर कठोर टीका केली. बाकीच्यांनी त्याकडे सरळ दुर्लक्ष केले. ओहमला अतिशय वाईट वाटले. १८२८ साली त्याने कोलोनच्या शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. हाती असलेली जागा गेली आणि हवी असलेली मिळाली नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा होता तेथेच येऊन पोहोचला. पुढील काही वर्षे त्याने बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवण्याचे काम करून काढली.

विज्ञानाच्या इतिहासात याच नियमाची आणखी एक कथा आहे. ओहमच्या कितीतरी आधी, सुमारे १७८१ साली, इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश या श्रीमंत शास्त्रज्ञाने असाच नियम ताडला होता. त्याच्याजवळ प्रवाह मोजण्याचे साधन नव्हते; म्हणून तो स्वतःच्या शरीरात विजेचा धक्का घेई आणि धक्का किती जोराचा बसला, यावरून प्रवाहाचा अंदाज करी. पण त्याने आपले हे काम वहीतच ठेवले. ते १८७९ साली मॅक्सवेलने छापून प्रसिद्ध केले, तेव्हा कॅव्हेंडिशला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. वहीत राहिलेल्या ज्ञानाचा जगाला उपयोग झाला नाही. ओहमने आपले ज्ञान जगापुढे ठेवले. त्यासाठी त्याला टीका सोसावी लागली. परंतु ते ज्ञान लोकांच्या हाती पोहोचले.

हळूहळू काळ पालटला. इतर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आणि ओहमचा नियम खरा ठरत गेला. तारायंत्राचे युग जवळ येत होते. मैलोगणती तारेतून संदेश पाठवावयाचा, तर तारेचा रोध किती हे आधी समजणे भाग होते. ओहमच्या नियमावाचून तो हिशेब होणे शक्यच नव्हते. १८३३ साली न्यूरेंबेर्ग येथील तंत्रनिकेतनात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १८३९ साली तो त्या संस्थेचा प्रमुख झाला. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला. हा त्या संस्थेचा सर्वोच्च सन्मान होय. त्याच वर्षी त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. स्वदेशात ग्रंथ निघाल्यापासून सन्मानाचा हा दिवस उगवेपर्यंत चौदा वर्षे लोटली होती.

मान मिळाला म्हणून ओहम स्वस्थ बसला नाही. १८४३ साली त्याने ध्वनीविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. अनेक स्वर मिसळून आलेला नाद आपला कान त्यातील साध्या साध्या स्वरांत वेगळा करून ऐकतो, असा तो विचार होता. १८४९ साली तो म्युनिकला गेला. १८५२ साली तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या मुख्य प्राध्यापकाचे आसन त्याला मिळाले. तरुणपणी ज्या जागेची आस धरली, ती जागा त्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. ती त्याने दोनच वर्षे भोगली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्याचा अंत झाला. त्याने विवाह केला नव्हता. त्याचे सारे आयुष्य शिकण्यात आणि शिकवण्यात गेले.

ओहमच्या हयातीतच त्याच्या कामाला एक नवी जोड मिळाली होती. तारेतून प्रवाह गेला म्हणजे तार तापते. ही उष्णता किती असते, याचा नियम इंग्लंडमधील जूल याने १८४० च्या सुमारास शोधला. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते आणि प्रवाह तिप्पट झाला, तर नऊपट होते. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला, की विजेची शक्ती मिळते; ती आज वॅटमध्ये मोजतात. वर सांगितलेली शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेते. म्हणून तिची शक्ती ११५० वॅट होय. ओहम आणि जूल यांचे हे दोन हिशेब हाती आले आणि वीज दूरवर नेणे माणसाला शक्य झाले.

समजा, १ ओहम रोध असलेल्या तारेतून २२,००० वॅट शक्ती पाठवावयाची आहे. ती २२० व्होल्टने पाठवली, तर १०० अँपिअर प्रवाह लागेल आणि १०,००० वॅट शक्ती तारा तापवण्यातच वाया जाईल. तीच २२,००० व्होल्टने पाठवली, तर प्रवाह १ अँपिअर पुरेल आणि वाया जाईल ती केवळ १ वॅट. म्हणूनच परळीहून निघणारी वीज प्रथम अतिउच्च दाबावर चढवतात, लांबचा प्रवास झाला म्हणजे तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि शेवटी गावातील रोहित्र ती घराघरांना साजेशी करून देते.

आता वाडीच्या टोकावरील त्या मंद दिव्याचे कोडे सुटते. रोहित्रापासून त्या टोकापर्यंतच्या जाण्या-येण्याच्या तारांचा रोध २ ओहम आहे असे मानू. दुपारी तेथील घरे मिळून ५ अँपिअर प्रवाह घेत असतील, तर तारेत १० व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि २३० पैकी २२० व्होल्ट घरात पोहोचतात. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे आणि शेगड्या एकदम सुरू होऊन प्रवाह २० अँपिअर झाला, तर तारेतच ४० व्होल्ट संपतात आणि घरात १९० व्होल्टच येतात. दिवा मिणमिणतो तो यामुळे. दोष दिव्याचाही नाही आणि दुकानदाराचाही नाही. तार जाड केली किंवा रोहित्र घरांच्या जवळ आणले, तर रोध कमी होईल आणि दिवा उजळेल. दोष कोठे आहे हे कळले, की तो दूर कसा करावा, हेही कळते.

पॅरिस येथे १८८१ साली जगातील विद्युत्शास्त्रज्ञांची परिषद भरली. तिने रोधाच्या एककाला ओहम हे नाव कायम केले. तेव्हा ओहमला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. ग्रीक वर्णमालेतील ओमेगा हे अक्षर त्याची खूण म्हणून वापरतात. रेडिओत, दूरचित्रवाणीत, संगणकात, दिव्यात आणि विजेच्या पंपात, जेथे जेथे वीज खेळते तेथे तेथे ही खूण लागू पडते.

एर्लांगेनच्या कुलूपकाराने स्वतः मिळवलेली विद्या आपल्या मुलांना दिली. त्याच्या मुलाने शाळेचे तास संपल्यावर प्रयोगशाळेत बसून ती वाढवली, एकदा चुकली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून पारखली आणि उपेक्षा झाली तरी सोडून दिली नाही. त्या विद्येचा उपयोग परळीच्या विद्युत केंद्रातील अभियंत्याला जसा रोज होतो, तसाच तो वाडीच्या टोकावर मंद दिव्याखाली धडा वाचणाऱ्या मुलालाही होऊ शकतो. आपला दिवा मंद का, याचा हिशेब तो आता स्वतःच्या पाटीवर मांडू शकतो.